घोणस आणि बंद मिलची खिडकी

साप दिसला तर मारावा की जाऊ द्यावा, हे मला कुणी विचारू नये. पण विचारतात. मागच्या पावसाळ्यात भंवरकुआंजवळच्या आमच्या कॉलनीत जिन्याखाली साप निघाला, तेव्हा सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण मी मिलच्या क्वार्टरमध्ये वाढलेला. "अंकल, आप बताओ, निपटा दें या पकड़वा दें?" मी "बघतो" म्हणून वर आलो आणि दार लावून बसलो. बायको म्हणाली, बरं नाही का? मी हो म्हटलं. ती चहा टाकायला गेली.

मिल चालू होती तेव्हा आत साप मारत नसत. तसा लेखी नियम नव्हता, पण कापसाच्या गोदामात उंदीर फार, आणि उंदरांचा बंदोबस्त साप करतात, एवढा तो सरळ हिशेब. क्वार्टरच्या लाइनीत साप निघाला की शेजारच्या मामांना हाक जायची. मामा म्हणजे नात्याने कुणी नाही, अख्ख्या लाइनीचे मामा. कताई खात्यात होते. तिथे कापसाचा पेळू ज्यात गोळा होतो तो पत्र्याचा कमरेएवढा उंच, गोल डबा त्यांनी एक घरी आणून ठेवला होता. सापासमोर तो आडवा करायचा आणि लांब काठीने मागून हळूच डिवचायचं. सापाला अंधार दिसला की तो आपणहून आत शिरतो. मग डबा उभा, तोंडाला गोणपाट, त्यावर सुतळी. तो डबा कडेवर घेऊन मामा गेटातून आत जायचे आणि बॉयलरमागच्या नाल्यापाशी पाहुण्याला सोडून यायचे. टाइमकीपरसुद्धा हसून सोडायचा. तो टाइमकीपर म्हणजे माझे वडील.

मग मिल बंद झाली. आज उघडेल, उद्या उघडेल म्हणता म्हणता गेटाला सील लागलं. आतलं गवत माणसाएवढं झालं आणि साप पूर्वीपेक्षा जास्त बाहेर यायला लागले. पेपरात रोज पीथमपूरच्या नव्या कारखान्यांच्या बातम्या असायच्या आणि आमच्या लाइनीत दुपारीसुद्धा माणसं ओट्यावर बसलेली. मी नुकताच बी.कॉम. झालो होतो. वडील गेले होते. राखणीसाठी जे चार लोक ठेवले त्यांत माझी वर्णी लागली. माझ्याकडे मोठ्या फाटकातल्या छोट्या दाराची चावी असायची. त्या दाराला सगळे खिडकी म्हणायचे. आतून पितळेचे भाग चोरीला जात होते, म्हणून सुपरवायझरने बजावलं होतं, "एक भी पुराना आदमी अंदर दिखा, तो तू बाहर."

श्रावणातली सकाळ होती. मामा डबा घेऊन खिडकीशी आले. डब्यातून कुकरच्या शिट्टीआधी येतो तसा आवाज येत होता, लांबलचक, मध्ये न थांबणारा.

"भाचेराव, खिडकी उघडा. नळापाशी बसली होती. घोणस आहे, चांगली जाडजूड."

"मामा, वर्करला आत घ्यायचं नाही. ऑर्डर आहे."

"अरे, मी कुठे येतोय? तू ने. बॉयलरमागे आडवा कर डबा आणि सुतळी ओढ. मी इथेच उभा राहतो, हात वर करून. तपासा मला पाहिजे तर!"

मी म्हटलं, "मारून टाका ना मामा. क्या झंझट लावलीय."

"मारायची असती तर डबा कशाला आणला असता? मिल चालू झाल्यावर गोदाम कोण बघेल, तुझा सुपरवायझर?"

"मिल नाही चालू होत आता."

हे मी बोलायला नको होतं. मामांनी डबा दुसऱ्या कडेवर घेतला. मग म्हणाले, "बरं. ती नाही तर नाही होणार. हिला तर घरी जाऊ दे."

मी खिडकी उघडली नाही. ऑर्डरचं कारण मी लोकांनाच काय, स्वतःलाही अनेक वर्षं सांगत आलो. आज खरं लिहितो. मला त्या डब्याला हात लावायची भीती वाटत होती. मामांनी मला आत जायला सांगितलं होतं, त्यात ऑर्डर कुठेच मोडत नव्हती. मी त्यांच्या भाच्यासारखा वाढलो आणि "मला भीती वाटते" हे तीन शब्द मला त्यांच्यासमोर बोलता आले नाहीत.

मामा नाल्याच्या अंगाने गेले. तिथे कुंपणाची भिंत पडली होती, छातीएवढी उरली होती, हे सगळ्यांना माहीत होतं. मलाही. ते तिकडे वळले तेव्हा हाक मारावी असं मनात आलं. मारली नाही.

थोड्या वेळाने ओरडणं ऐकू आलं. मी चौकीदाराची लाठी उचलून आतूनच धावलो. मामा भिंतीपलीकडे मटकन बसले होते. डबा वर चढवताना गोणपाट सरकलं होतं आणि उजवा हात डब्याच्या तोंडापाशी गेला तशी ती चावली होती. डबा अलीकडे, आत पडला होता. घोणस त्यातून बाहेर येऊन गवताकडे निघाली होती. अगदी सावकाश. तिला माझ्याशी काही देणंघेणं नव्हतं. मामांना पाहिजे होतं तिथे ती पोहोचली होती.

मी आधी तिला मारलं. चार-पाच फटके, मेल्यावरही दोन. मग भिंत ओलांडून मामांकडे गेलो. मधला तो वेळ किती, ते मी कधी मोजायचा प्रयत्न केला नाही.

कुणाच्या तरी स्कूटरवर मध्ये बसवून त्यांना मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, साप बघितला का? मी म्हटलं, घोणस. जीव वाचला. हात कोपरापर्यंत सुजून काळा पडला आणि शेवटी अंगठा व पहिलं बोट काढावं लागलं. पुढच्या आठवड्यात एका नव्या सूत कारखान्यात त्यांना ट्रायलला बोलावलं होतं. जखम बरी झाल्यावर ते गेलेही. तिथल्या माणसाने हात बघितला, पाणी पाजलं आणि परत पाठवलं.

दवाखान्यात दुसऱ्या दिवशी मामांनी डोळे उघडले. मामी उशाशी होत्या. मामांनी माझ्याकडे बघून विचारलं, "ती गेली का रे आत?"

"गेली, मामा."

"तू बघितलंस?"

"बघितलं. बॉयलरकडे गेली."

"मग ठीक आहे," म्हणाले आणि झोपले.

आधी आपण खिडकीशी आलो होतो, हे त्यांनी कुणालाही सांगितलं नाही. मामींनाही नाही. लाइनीत लोक त्यांना तोंडावर म्हणायचे, "मामा, ठेचली असती तर बोटं राहिली असती. अब पालो साँप!" त्यानंतर आमच्याकडे दिसेल तो साप मारू लागले, बिनविषारी धामणसुद्धा. दोनदा लाठी माझ्या हातात दिली गेली. मामा ओट्यावरून बघायचे. फक्त फारच चिडवलं कुणी, तर माझ्याकडे बोट करायचे, उरलेल्या मधल्या बोटाने. "भाचेरावांना विचारा. त्यांच्या डोळ्यांदेखत घरी गेली ती." आणि मी मान हलवायचो.

मामा गेले त्याला काही वर्षं झाली. मामी आता मुलाकडे राहतात, महूला. दिवाळीत भेटायला गेलो, तर त्यांनी सुनेला हाक मारली. "ये गं, हे बघ, भाचेरावांनी बघितलंय तिला घरी जाताना. सांगा हिला."

मी सांगितलं. पूर्वी एवढंच सांगायचो की बॉयलरकडे गेली. आता मी गवत कसं हललं तेही सांगतो, आणि जाताना ती एकदा थांबली होती, असंही. मामींनी पदराने डोळे पुसले. सून म्हणाली, "कितना अच्छा लगता है ना सुन के." मग तिने माझ्या बशीत आणखी एक करंजी ठेवली, आणि मी ती खाल्ली.