पंगतीचं विचारणारं गिऱ्हाईक

हल्लीची पोरं घरबसल्या संगणकावर कमिशन कमावतात म्हणे. लोक काय शब्द टाकून शोधतात ते पाहायचं, त्यावरून घेणारा कोण आणि नुसता वेळ घालवणारा कोण हे ताडायचं, आणि घेणाऱ्याला बरोबर त्या दुकानाच्या दारात नेऊन सोडायचं. ऐकून मला हसू येतं. आमच्या वडशात हा धंदा पोचूभाऊ बसस्टँडवर उभा राहून करायचा, आणि त्याला वीजसुद्धा लागत नव्हती.

तेव्हा माझं एसटीडीचं दुकान स्टँडच्या समोर होतं. दिवाळी जवळ आली की वडशात नाटक कंपन्यांचे बोर्ड लागत. बैलांच्या शर्यतींचा शंकरपट, दिवाळीनंतरची मंडईची जत्रा, काही निमित्त असो, झाडीपट्टीतल्या गावाला नाटक पाहिजेच. गावोगावची मंडळं बुकिंगला यायची आणि बसमधून उतरली की पोचूभाऊच्या तावडीत सापडायची. ज्या कंपनीकडे तो गिऱ्हाईक नेई, ती त्याला कमिशन देई. जातीचा ढिवर, बापासोबत वैनगंगेत जाळं टाकलेला. पण अंगात आळस फार. नदीत उतरण्यापेक्षा स्टँडवर उभं राहिलेलं बरं, हे त्याला लवकर कळलं.

त्याचं सगळं शास्त्र पहिल्या प्रश्नावर. कोणी उतरल्या उतरल्या हिरोईन कोण म्हणून विचारलं, की पोचूभाऊ त्याला पोस्टरपुढे उभं करून निघून यायचा. तो पोस्टर पाहूनच गावाला परतणार. कोणी सगळ्यात कमी रेट विचारला, तर तो दिवसभर सगळ्या ऑफिसांतला चहा पिणार आणि ठरवणार काहीच नाही. गेल्या वर्षीच्या नाटकाची तक्रार घेऊन येणाऱ्याला तो हरिदासभाऊकडे न्यायचा, कारण हरिदासभाऊ हा एकच कंपनी मालक असा, जो समोरच्याचं ऐकून घ्यायचा. आणि एखादा म्हातारा हळूच म्हणाला, की तुमच्या कलाकारांत जेवायला किती जण, मटण खाणारे किती, तर पोचूभाऊ त्याची पिशवी स्वतःच्या खांद्यावर घ्यायचा. कलाकारांचं जेवण गावाकडे असे.

"जेवनाचं पुसला का ठरलं समज," तो मला सांगायचा. "मनात मांडव पडल्याशिवाय मानूस पंगत मोजत नाई."

हे शास्त्र तो घरीही चालवायचा, तिथं मात्र त्याची डाळ शिजत नसे. बायको प्रेमिलाबाई बाजारात लुगड्यांचे भाव विचारू लागली की हा म्हणायचा, तुले घ्याचं नाई, तू नुसती पाहून राह्यली. एकदा तिनं भर बाजारात दोन लुगडी घेतली आणि त्याला नुसतं पाहायला लावलं.

पण त्याची मुलगी रोशनी. बारावी झालेली, हसरी, बापासारखीच तोंडाची तिखट. तिच्या लग्नाचा विषय निघाला की पोचूभाऊचं शास्त्र कुठं जायचं कोण जाणे. पाहुणे येत. किती शिकली, उंची किती, रंग असाच का, पोराला गाडी देणार का, असं सगळं विचारत आणि कळवतो म्हणून जात. स्टँडवर कळवतो म्हणणाऱ्या माणसाला पोचूभाऊ पुन्हा ओळखसुद्धा दाखवत नसे. इथं मात्र माझ्या दुकानात येऊन बसायचा. निरोपासाठी त्यानं माझाच नंबर दिलेला. फोन माझा, पण घंटी वाजली की हा उठायचा. अशा वेळी मी त्याची थट्टा करत नसे. वाईट वाटायचं.

एका वर्षी त्याच्या बहिणीच्या, आशाबाईच्या गावानं नाटक ठरवलं, सिंदेवाहीकडे. आमच्याकडे नाटक म्हणजे नुसतं नाटक नसतं. घरोघर पाहुणे येतात आणि रंगमंचावर कमी, बायकांच्या बाजूला जास्त लक्ष असतं. निम्मी लग्नं तिथंच जमतात. गावाच्या वतीनं बुकिंगला पोचूभाऊ स्वतः गेला, मला सोबत घेऊन. हरिदासभाऊला त्यानं नाटकाचं नावसुद्धा विचारलं नाही. बायकांच्या बाजूला उजेड बरा पडेल का आणि मध्यंतर किती वेळ ठेवाल, एवढंच.

हरिदासभाऊ हसला. "पोचू, तुले नाटक पाह्याचं हाये का पोरगी दाखवाची हाये?"

पोचूभाऊ कानापर्यंत लाल झाला. मला मात्र मोठं समाधान वाटलं, इतकी वर्षं दुसऱ्यांना ओळखणारा एकदाचा ओळखला गेला.

मध्यंतर लांबलं. तळ्यावरच्या मासेमारी सोसायटीत काम करणारा प्रफुल नावाचा मुलगा आणि त्याचे वडील दादाजी यांनी रोशनीला पाहिलं. रोशनीनंही प्रफुलला पाहिलं, हे मला पुढे प्रेमिलाबाईकडून कळलं. चार-आठ दिवसांनी आशाबाईचा फोन आला, की दादाजी घरी येतो म्हणतात.

पोचूभाऊनं मलाही बोलावून घेतलं. दादाजी एकटेच आले. कमी बोलणारा माणूस. चहा प्यायले, भिंतीवरचं जुनं जाळं हातात घेऊन पाहिलं, या वर्षी तळ्याला पाणी बरं आहे म्हणाले. रोशनी पोहे ठेवून गेली, तिला त्यांनी एक शब्द विचारला नाही. पोचूभाऊनं तिचे मार्क सांगितले, तिच्या हातच्या झिंग्यांच्या भाजीचं कौतुक केलं. दादाजी नुसते हो हो करत राहिले. निघताना दारात चप्पल घालता घालता म्हणाले,

"तुमच्या घरी सारेच मासोळी खाते का? का कोनी माळकरी हाये?"

बहीण आणि तिचा मालक माळकरी आहेत, पोचूभाऊ म्हणाला.

"मंग दोघं वेगळे," दादाजी म्हणाले आणि बसला निघाले.

पोचूभाऊ मटकन खाली बसला. "गेलं," तो म्हणाला. पोरीचं एक अक्षर पुसलं नाई, मासोळीच्या गोठी करून गेला, पसंत असती तर काही तरी पुसला असता, असं तो पुटपुटत राहिला. प्रेमिलाबाईनं डोळ्यांना पदर लावला. मी बोलायला तोंड उघडलं, पण माझ्या आधी रोशनी दारात आली. तिच्या हातात कपबशा होत्या आणि ओठ दाबूनही तिचं हसू दिसत होतं.

"बाबा," ती म्हणाली, "थो पंगत मोजून गेला."

पोचूभाऊ उठला आणि तसाच अनवाणी धावत सुटला. त्याला धावताना वडशात त्या दिवसापर्यंत कोणी पाहिलं नव्हतं, चहावाल्यानं विचारलंसुद्धा की कुठं आग लागली. मी त्याच्या चपला हातात घेऊन मागून निघालो.

सिंदेवाहीची बस लागलेली होती. दादाजींचा एक पाय पायरीवर होता. जन्मभर त्याच जागेवर उभं राहून ज्यानं भल्याभल्यांना बोलण्यात गुंडाळलं, तो आता बसच्या दांड्याला धरून नुसता धापा टाकत होता.

"काही राह्यलं का?" दादाजींनी विचारलं.

"जावयाले," पोचूभाऊ म्हणाला आणि थांबला. मग धीर करून म्हणाला, "जावयाले तिखट चालते का?"

दादाजींनी पायरीवरचा पाय खाली घेतला. कंडक्टरनं घंटी मारली, बस निघून गेली. त्यांनी पोचूभाऊचा हात धरून त्याला स्टँडच्या बाकावर बसवलं आणि स्वतः शेजारी बसले.