एका ओळीचं नाव

भावाला मुलगी झाली, त्याच्या तिसऱ्या दिवशी भावजयीचा फोन आला. मी शाळेत होते, स्टाफरूममध्ये आठवी ‘ब’चे मराठीचे पेपर तपासत होते.

“ताई, नाव तुम्हालेच ठेवाचं आहे. आत्या तुम्ही एकच. पण एक सांगते, देवाबिवाचं नको. कवितेचं पाह्यजे.”

“कवितेचं म्हणजे?”

“म्हणजे ज्याचा अर्थ कवितेशी लागते असं. मी मोबाईलवर पाह्यलं. काव्या, कविता, ऋचा, रचना. काव्या तं आमच्या बपेऱ्यालेच तीन आहेत. तुम्ही मराठी शिकवता, तुमच्यापाशी निघन काहीतरी.”

तिच्या या हट्टाला कारण होतं. लग्नाआधी माझ्या भावानं तिला चार ओळी पाठवल्या होत्या. त्या वाचून ती विरघळली आणि तुमसर तालुक्याच्या त्या टोकाच्या बपेऱ्याहून पवनी तालुक्यात आमच्या आसगावला नांदायला आली. त्या ओळी मी लिहून दिल्या होत्या. भावाला धानातलं सगळं कळतं, पण चार ओळी लिही म्हटलं तर तो खताची यादी लिहील. लग्नानंतर वर्षभरानं तिला हे समजलं. तिनं भावाशी दोन दिवस बोलणं टाकलं आणि मला मात्र फोन करून म्हणाली, “म्हणजे मी तुमच्यावरच भाळली म्हणा ताई.”

मी “बघते” म्हटलं आणि पेपर पुढे ओढले. खरं तर बघण्यासारखं काही नव्हतं. नाव माझ्याकडे अकरा वर्षांपासून होतं.

ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही, म्हणून सांगते. अकरा वर्षांपूर्वी मला सातव्या महिन्यात पोटातली हालचाल जाणवेनाशी झाली. दवाखान्यात नेलं. मला भूल दिली. जाग आली तेव्हा पोट रिकामं होतं आणि पाळणाही रिकामा होता. मुलगी होती एवढं नर्सनं सांगितलं. तोवर माझा नवरा आणि मोठे दीर तिला घेऊन नदीवर गेलेही होते. आमच्यात अशा लेकराला जाळत नाहीत, पुरतात. बायांनी जायचं नसतं. सुतक नाही, दहावं नाही, नाव तर नाहीच. सासू म्हणाली, “विचारू नको, मनाले लावून घेशील.” मी विचारलं नाही. कशी होती, केस होते का, काहीच नाही. नवऱ्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही, याला अकरा वर्षं झाली. पुढे काही झालंही नाही. नागपूरला दोन-तीन वर्षं चकरा मारल्या आणि मग त्याही थांबवल्या.

पायाला मुंग्या येतात तेव्हा आधी पाय बधिर होतो, मग मुंग्या येतात, मग पाय आपला होतो. माझं पहिल्या पायरीवरच राहिलं. लोकांना वाटतं मी खंबीर आहे. खंबीर वगैरे काही नाही, मला काही वाटतच नाही, एवढंच आहे.

नाव मात्र मी पाचव्या महिन्यातच ठरवलं होतं. पंक्ती. नवऱ्याचं भंडाऱ्याला भांड्यांचं छोटं दुकान आहे. पितळेच्या भांड्यांवर नावं टाकायचं मशीन तो स्वतः चालवतो. एका दुपारी तो कोणाच्या तरी लग्नाच्या परातीवर नाव टाकत होता, तेव्हा मी त्याला सांगितलं.

“पंक्ती? जेवणाची का?” तो हसला.

“कवितेची. कवितेतली एक ओळ.”

“मग अख्खी कविताच काहून नाही?”

“मला एक ओळ पुरे,” मी म्हटलं.

त्यानंतर ते नाव आमच्यात कधी निघालं नाही. मला वाटलं तो विसरला असेल. ज्याच्या हाताखालून रोज लोकांची नावं जातात, त्याला एक नाव लक्षात राहावं असा माझा आग्रहही नव्हता.

तर भावजयीच्या फोननंतर मी आठवडाभर विचार केला. विचार म्हणजे काय, भांडी विसळता विसळता, खडूची पेटी शोधता शोधता. हे नाव दिलं की आपल्याकडे त्या मुलीचं काहीच उरत नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं. फोटो नाही, कपडा नाही, एक दुपटं घेतलं होतं ते सासूनं कोणाला तरी देऊन टाकलं. होतं ते एवढंच, दोन अक्षरं. पण दुसरीकडून असंही वाटायचं की नाव हे हाक मारायला असतं. मला ते एकदा माझ्या तोंडानं एका लेकराच्या कानात सांगायचं होतं. आणि मग कोणीतरी अंगणातून ते मोठ्यानं ओरडावं आणि आतून कोणीतरी “ओ” द्यावी, एवढं ऐकायचं होतं. म्हणून द्यायचं ठरवलं.

बारशाला आत्यानं वाटी आणि फुलपात्र न्यायचं असतं. नवऱ्यानं दुकानातलं चांगलं जड पितळ काढलं आणि विचारलं, “काय नाव टाकू?”

“अजून ठरलं नाही. नुसती तारीख टाका.”

मी खोटं बोलले. त्याला विचारायला पाहिजे होतं. पण विचारलं असतं तर बोलावं लागलं असतं, आणि आम्हाला दोघांना न बोलण्याची इतकी सवय झाली होती की तीच सोयीची वाटायची. त्यानं तारीख टाकली.

बारशाला आम्ही मोटारसायकलनं आसगावला गेलो. थंडीचे दिवस होते, धान घरात आलेलं होतं, ओसरीत पोती छताला लागली होती. त्यांच्यातूनच वाट काढून पाळणा टांगला होता, त्याला फुगे बांधले होते. बपेऱ्याची मंडळी आदल्या दिवशीच आली होती. आईनं मला आल्या आल्या चुलीपाशी बोलावलं. ती घुगऱ्या ढवळत होती.

“नाव ठरवलं का?”

“ठरवलं. आधी सांगत नसतात.”

“नको सांगू.” ती ढवळत राहिली. मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, “कानात मोठ्या काकाची पोरगी सांगन. तिले नाव सांगून ठेवजो.”

“काहून?”

“आता काहून काय. मास्तरीण आहेस, तुले समजत नाही का? विहीणबाईच्या मनात शंका आली. त्यायच्या पोरीचं पहिलं लेकरू आहे. तुह्यासंगं झालं ते झालं, पण पाळण्यापाशी कायले...” तिनं वाक्य सोडून दिलं.

“आणि तूच सांगून राहिली मले हे?”

“मग कोण सांगन? दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तं तुले जास्त लागलं असतं. मी सांगितलं तं घरातल्या घरात राह्यते.”

माझी जीभ शाळेत प्रसिद्ध आहे. हेडमास्तरसुद्धा माझ्याशी बोलताना आधी दोनदा विचार करतात. त्या दिवशी मी “बरं” म्हटलं आणि कोथिंबीर निवडायला घेतली. मला राग यायला पाहिजे होता, येत नव्हता. मी दिलेलं नाव यांना चालतं, माझं तोंड चालत नाही, हे वाक्य डोक्यात नीट तयार झालं, फळ्यावर लिहावं तसं, आणि मी ते वाचून पुसून टाकलं.

थोड्या वेळानं चुलत बहीण आली. दोन मुलांची आई, नवी साडी, बिचारीचा चेहरा उतरलेला. “ताई, मले हे करावसं नाही वाटून राहिलं. पण काकू म्हणते...”

“तुझा काय दोष. कान इकडं कर.”

अजूनही मी तिला ऋचा म्हणून सांगू शकत होते. भावजय खूश झाली असती, अर्थही कवितेचाच होता, आणि माझं माझ्यापाशी राहिलं असतं. पण अडून बसायलाही अंगात काहीतरी लागतं. अकरा वर्षांनी ते नाव मी पहिल्यांदा तोंडातून काढलं, आणि ते एका चाळिशीच्या बाईच्या कानात, तिच्या झुमक्याच्या बाजूला. ती म्हणाली, “छान आहे.” मी म्हटलं, “नीट सांगशील.”

बारसं रीतीप्रमाणे झालं. बहीण पाळण्यावर वाकली, बायांनी तिच्या पाठीत धपाटे घातले, तेही रीतीप्रमाणेच, आत्याला जरा जोरातच घालतात. मी धानाच्या पोत्यांपाशी उभी होते. माझी पाठ पोत्याला टेकलेली होती. बहिणीनं सरळ होऊन नाव मोठ्यानं सांगितलं.

“म्हणजे काय?” कोणीतरी विचारलं.

“कवितेची ओळ,” भावजय म्हणाली, आणि माझ्याकडे बघून हसली. तिला चुलीपाशी काय झालं ते माहीत नव्हतं. कोणी सांगितलंही नसेल. टाळ्या वाजल्या. कोणी म्हणालं नवीन आहे, कोणी म्हणालं शाळेत उच्चार जमणार नाही. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो दारात गड्यांमध्ये उभा होता, हातात घुगऱ्यांचा द्रोण. तोंडापर्यंत नेलेला हात तसाच खाली आला. मला वाटलं, आपण त्याला आधी सांगितलं नाही म्हणून रागावला.

जेवणं झाल्यावर भावजयीनं पोरीला आतल्या खोलीत आणून माझ्या मांडीवर ठेवलं. तिची आई उंबऱ्यात उभी राहून बघत होती. पोरगी गरम होती आणि तिला दुधाचा वास येत होता. मी मनातल्या मनात तिला नावानं हाक मारली. नाव तिला बसलं. एवढंच वाटलं. पाच मिनिटांनी मी तिला परत दिलं.

परत येताना अड्याळला नवऱ्यानं गाडी थांबवली. ऊन होतं अजून. टपरीवाल्यानं दोन चहा दिले. नवऱ्यानं त्याचा ग्लास बाकावर ठेवला आणि हात लावला नाही.

“मले विचाराले पाह्यजे होतं तू.”

“काय?”

“नाव.”

“विचारलं असतं तर काय म्हणाला असता?”

“नको म्हटलं असतं.”

तेव्हा मला राग आला. दिवसभर जिथं यायला पाहिजे होता तिथं नाही आला, आणि आला तो नेमका या माणसावर. “का नको? ठेवून काय करायचं होतं? तुम्हाला तर आठवतही नसेल असं वाटलं मला. कोणाच्या कामाचं होतं ते?”

“देलं होतं ते,” तो म्हणाला.

“कोणाले?”

“तिले.”

तो रस्त्याकडे बघत बोलला. “दादा खड्डा करून राहिला होता. वाळू कोरडी, सारखी ढासळे, वेळ लागला. तवर माह्या हातात होती. आत्या नाही, कोणी नाही. बिननावाची कशी ठेवाची? मग मीच सांगितलं. कानात. दादाले ऐकू नाही आलं.”

टपरीवाला ग्लास न्यायला आला, निवलेला चहा बघून दुसरे गरम दोन ठेवून गेला.

मी काय करून आले ते मला आत्ता कळत होतं. गेलेल्या मुलीचं नाव मी भावाच्या बारा दिवसांच्या पोरीला देऊन आले होते. आईला कळलं तर ती कपाळ बडवून घेईल. भावजयीच्या आईला जी शंका होती, ती आता शंका राहिली नसती. नवऱ्यालाही हेच सुचलं असावं. तो म्हणाला, “घरी कोणाले सांगू नको. राहू दे. चांगलं नाव आहे. तिले काही होत नाही.”

“नाही सांगत,” मी म्हटलं.

अकरा वर्षं मी समजत होते की ती तशीच गेली आणि नाव माझ्याकडे राहिलं. ते माझ्याकडे नव्हतंच. मी ग्लास उचलायला गेले, चहा बोटांवर सांडला, आणि चटका बसला तो मला नीट बसला.

“कोणत्या कानात?” मी विचारलं.

“उजव्या,” तो म्हणाला. “डावा माह्या छातीकडं होता.”