चालेल मास्तर आणि चिनी शब्द

शिवणकाम करणाऱ्या मास्तरांना अख्खी गल्ली 'चालेल मास्तर' म्हणायची. काम कितीही झकास होऊ दे, त्यांच्या तोंडून "चालेल"च्या पलीकडे शब्द फुटत नसे. बायको घरची कामं उरकून शर्टांची काज-बटणं करायची, मास्तर एकेक बटण ओढून बघायचे आणि म्हणायचे, "चालेल." कौतुक केलं की हात ढिला पडतो, हा त्यांचा लाडका सिद्धांत. बायकोनंही वाद घालणं कधीच सोडलं होतं.

अशा माणसाला नशिबानं चिनी सून मिळाली, आणि आता तिची आई पहिल्यांदाच घरी येणार होती. विहीणबाईंपुढे आपली शोभा होऊ नये म्हणून मास्तरांनी सुनेकडून एक चिनी शब्द शिकायचं ठरवलं. एकच, पण पक्का. तिनं निवडून दिला: शिनखू ल. तुम्ही फार कष्ट घेतलेत, असा अर्थ. राबून दमलेल्याला म्हणायचं, लांबचा प्रवास करून आलेल्यालाही.

झालं! मास्तरांच्या हाती जणू नवी कात्रीच आली. पँट न्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला शिनखू ल, दुपारची झोप काढून उठलेल्या शेजाऱ्यालाही शिनखू ल. सून हसून हसून बेजार. शेवटी तिनं मोडक्यातोडक्या मराठीत त्यांचे कान टोचले.

"बाबा, आधी बघायचं, त्यानं काय केलं. मग म्हणायचं."

विहीणबाई आल्या. मास्तरांनी दारातच शब्द म्हटला, अगदी बिनचूक. बाईंचा चेहरा खुलला, मास्तरांची छाती फुगली. सगळे जेवायला बसले. बायको गरम भांडं घेऊन स्वयंपाकघरातून आली, तशा विहीणबाई उठल्या आणि तोच शब्द तिला म्हणाल्या.

"काय म्हणाल्या हो?" बायकोनं विचारलं.

मास्तर सांगायला गेले आणि त्यांची नजर तिच्या बोटांवर पडली. सुई टोचून टोचून शेंडे खरखरीत झालेले. जन्मभर बटणं तपासली, बोटं कधी पाहिलीच नव्हती. त्यांना फार लाज वाटली.

"तुझे फार कष्ट झाले, असं म्हणाल्या." मग घसा खाकरून ते हळूच म्हणाले, "मीही म्हणतो. शिनखू ल."

बायकोनं भांडं खाली ठेवलं. नवऱ्याकडे नीट पाहिलं, पुढे होऊन त्याच्या शर्टाचं बटण जरा ओढून बघितलं.

"चालेल," ती म्हणाली.