पुढची सीट

घुग्घुसला आमच्या शेजारी खाणीत काम करणारा एक माणूस राहतो. त्याने मोठी पांढरी गाडी घेतली आहे. सुट्टीच्या दिवशी ती लग्नाला भाड्याने देतो आणि चालवतो स्वतःच. कोळशाची धूळ सारखी पुसत असतो. नवरदेव असो की पाटील, चपला काढल्याशिवाय कोणाला आत घेत नाही. त्याची बायको मात्र बाजारात पायीच जाते. "गाडी धंद्याची हाय," म्हणतो. मला हे कधी पटलं नाही.

माझ्या नातीच्या लग्नात त्याचीच गाडी होती. निघायच्या वेळी नात अडून बसली. आंदणात दिलेली बकरी तिनेच बाटलीने दूध पाजून वाढवली होती, आणि सामानाचा टेम्पो बकरीला न घेताच पुढे गेला होता. व्याही म्हणाले, "राहू द्या, मंग नेऊ."

"तं मी बी मंगच येईन," नात रडत म्हणाली.

गाडीवाल्या शेजाऱ्याने खांद्यावरचा दुपट्टा पुढच्या सीटवर अंथरला आणि बकरी उचलून त्यावर ठेवली.

मी म्हटलं, "काऊन रे, तिच्या चपला नाई काढल्या?"

"काकू, तुमी गप राहा न."

त्याची बायको मांडवातच उभी होती. ती म्हणाली, "बकरीचं नशीब माह्यापेक्षा बरं हाय." त्याने ऐकलं आणि मान खाली घातली.

पुढच्या बाजाराला गाडी आमच्या दारावरून गेली. पुढच्या सीटवर त्याची बायको ताठ बसली होती, चपला मांडीवर घेऊन.