पियानोवाल्याला मी दिलेला ठेका

मी लातूरला प्राथमिक शाळेत शिकवते आणि कॉलनीतल्या महिला भजनी मंडळात पेटी वाजवते. मोबाईलवर पेटीचे व्हिडिओ बघताना एकदा आपोआप जॅझ पियानो लागला. माणूस एकटाच. तबला नाही, साथीला कुणी नाही, तरी चार जण वाजवत असल्यासारखं वाटत होतं. तेव्हापासून कणीक मळताना मी तेच ऐकते. घरच्यांना तो गोंधळ वाटतो.

म्हणून इथल्या एका कॉलेजात असा वादक येणार म्हटल्यावर मी जवळच्या मुरुडहून नणंदेला मुद्दाम बोलावून घेतलं. तिला घरातून बाहेर पडायला निमित्तच हवं होतं. पियानो हैदराबादहून टेम्पोत आणला होता. हॉल भरलेला, मागे कॉलेजची पोरं.

त्याने सुरुवात केली आणि नणंद माझ्या कानाशी म्हणाली, "वहिनी, लई भारी वाजवायलाय की ह्यो!" मला अभिमानच वाटला, जणू मीच शिकवलंय त्याला. त्या भरात मी हाताने ठेका धरला, भजनात धरते तसा. नणंदेनेही धरला, तोही जोरात. मग आमची रांग, मग मागची पोरं, बघता बघता सगळा हॉल टाळ्या देऊ लागला.

तो मात्र लय ताणत होता, मध्येच ढिली सोडत होता. आमच्या टाळ्यांतून निसटायला बघत होता. आम्ही त्याला सोडेचना. शेवटी त्याने पट्ट्यांवरून हात उचलले आणि मांडीवर ठेवले.

टाळ्या थांबल्या. आयोजक प्राध्यापक माईकवर आले. "मागच्या पोरांनो, हा काय तमाशा आहे का? नीट ऐकायचं नसेल तर बाहेर जा."

मला राहवेना. उभी राहिले. "सर, पोरांनी न्हाई. मी सुरू केलं."

कुणीतरी हसलं, मग बरेच जण हसले. नणंदेने पदर ओढून मला खाली बसवलं. पियानोवाला हिंदीत म्हणाला, "कोई बात नहीं, बैठिए." तो रागावला असता तर बरं झालं असतं.

त्याने पुन्हा वाजवायला घेतलं, पण बराच वेळ मला काहीच ऐकू आलं नाही. कानाच्या पाळ्या नुसत्या तापल्या होत्या. मग हळूहळू त्याचा डावा हात ऐकू यायला लागला. खालच्या सुरांत तो एका चालीने चालला होता, आणि उजवा एक छोटीशी सुरावट घेऊन तिला मोडत होता, उलटी करत होता, परत जोडत होता. एका जागी डावा हात थांबलाच. तरी लय चालूच राहिली, माझ्या आत. तो मुद्दाम जागा रिकामी सोडत होता, ऐकणाऱ्यासाठी. असल्याच जागा मी मघाशी टाळ्यांनी बडवून काढल्या होत्या. डोळे भरून आले आणि जास्तच लाज वाटली.

संपल्यावर मला लगेच निघायचं होतं. पण तो दारातच चहा घेत उभा होता आणि नणंद थेट त्याच्यासमोर जाऊन थांबली. "हमारी वहिनी भी बजाती है. पेटी!"

"अरे वा," तो माझ्याकडे वळला. "साथ में तबला रहता होगा?"

"हां."

"मेरे साथ कोई नहीं. सब मुझे ही करना पड़ता है." तो हसला आणि थांबला, मी काहीतरी बोलेन म्हणून.

डावा हात थांबला ती जागा मला विचारायची होती. आधीच ठरवलं होतं की तिथेच सुचलं, एवढंच. तोंडातून निघालं, "अच्छा बजाया."

"शुक्रिया," तो म्हणाला आणि दुसऱ्या कुणाशी तरी बोलायला लागला.

रिक्षात नणंद खुशीत होती. "किती साधा माणूस हाय, न्हाई का?" मी हो म्हटलं आणि बाहेर बघत बसले. तिसरीच्या एखाद्या पोराने पाढे म्हटले की मी "छान म्हटलंस" म्हणते, अगदी त्याच आवाजात मी त्याला म्हटलं होतं. टाळ्यांपेक्षा मला त्या दोन शब्दांचीच जास्त लाज वाटत होती.