नागोयाचा पाहुणा लालबागला

मंडळी, आज ऑफिसच्या जपानी पाहुण्यांना, तानाकांना, गेटवे दाखवत होतो. ते नागोयाचे. म्हटलं, "आम्ही जपानला आलो होतो, तेव्हा टोकियो-क्योटो केलं. नागोया राहिलंच."

ते हसले. "चूक आमचीच. कोणी आलं की आम्हीच सांगतो, इथे नुसते कारखाने आहेत, बघण्यासारखं काही नाही. तुम्ही कुठे राहता?"

"लालबागला. पण तिथे बघण्यासारखं काही नाही, जुन्या गिरण्या..." म्हणता म्हणता जीभ चावली.

तिथूनच त्यांना घरी नेलं. बाबा गिरणीत माग चालवायचे. तुटलेल्या धाग्याला चालू मागावर गाठ कशी मारायची, ते तानाकांनी बाबांना घरातल्या दोऱ्यावर तीनदा करून दाखवायला लावलं.

मीही ती गाठ आज पहिल्यांदाच पाहिली. इतक्या वर्षांत कधी विचारलंच नव्हतं.