मनकर्णेची जीभ

अंजनगावच्या नत्थुजींच्या पानमळ्यात बाईमाणसानं पाय ठेवायचा नाही, हा वाडवडिलांचा नेम. अन् गंमत पाहा, मळा राखणारं औषध करायची ती त्यांचीच बायको, मनकर्णाबाई! निंबोळ्या कुटायच्या, भिजत घालायच्या, अन् ते पाणी बोटानं जिभेला लावून पाहायचं. जीभ आखडली की म्हणायची, "न्या आता." वेलींच्या बुडाशी ते ओतलं की वेली वाळवणारा मर रोग फिरकत नसे. तीस वर्षं असं चाललं, पण उभी वेल तिनं एकदाही पाहिली नव्हती. आता बोला!

त्या साली मात्र मर शिरलीच. वेली माना टाकू लागल्या, नत्थुजींचं अवसान गळालं. शेतकी खात्याचा बाबू म्हणाला, मोरचूद मारा. नत्थुजी उखडले. "लोकाइच्या तोंडात जाते पान. मोरचुदाचं इख चारू काय त्याइले?" अन् घरी येऊन बायकोवरच घसरले, "तुह्या औषधात दमच नाई राहिला!"

"तीस वर्सं जीभ कडू केली म्या," मनकर्णाबाई कडाडली. "मले मळा पाहू द्या, मंग बोला."

दोन दिवस नत्थुजी मळ्यात नुसते येरझारा घालत राहिले. लोक काय म्हणतील? पण ओळीमागून ओळ वाळत चालली होती. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "आंघोळ कर. चाल."

ती अनवाणी आत शिरली. शेवरीच्या झाडांवर चढलेल्या वेली पाहून तिला रडूच फुटलं. मग पदर खोचून खाली बसली, एका वेलीच्या बुडाशी साचलेलं पाणी बोटावर घेतलं अन् चाखलं.

"हे तं फिक्कं हाये! किती पानी देऊन राहिले तुमी?"

"ऊन लय व्हतं यंदा, म्हून पयल्यापासून दुप्पट..."

"अवो, बुडं सडून राहिली त्याइची! माहं औषध सारं वाहून गेलं."

नत्थुजींनी पाटाचं पाणी अडवलं. बुडं कोरडी झाल्यावर कडू पाणी पुन्हा ओतलं. पंधरवड्यानं उरलेल्या वेलींना कोंब फुटले, अन् नत्थुजी मळ्यात एकटेच हसत सुटले.

गावात बोभाटा व्हायचा तो झालाच. शेजारच्या मळ्याचे वामनराव तणतणत आले. "बाई नेली म्हनते तुमी मळ्यात?"

"बाई कायची? वैद नेला व्हता," नत्थुजी म्हणाले. "अन् उद्याबी नेईन."

वामनरावांनी मागंपुढं कोणी नाही ना ते पाहून घेतलं. मग आवाज खाली करून म्हणाले, "आमच्याबी वेली माना टाकून राहिल्या, नत्थुजी. वयनीले पाठवता काय?"